ताईंना विचारा : सही तुमची आणि डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये?

यावेळी पत्रं भरपूर आलीत, काहींनी तर व्हॉट्सॲपवर चांगल्या लांबलचक व्हॉइस नोट पाठवल्यात, त्या लिहून काढताना संपादकांच्या नाकी नऊ आले म्हणे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, राग मानू नका. नवीन वाचकांसाठी सांगते, मी सोलापूर जिल्ह्यातली, आधी बचत गट, मग एक टर्म सरपंच, आता महिलांच्या प्रभागसंघाचं, म्हणजे गावोगावच्या बचत गटांचे जे ग्रामसंघ असतात त्यांच्या वरच्या संघाचं, काम बघते. वकील नाही की कौन्सेलर नाही, जे डोळ्यांनी बघितलंय आणि जे कागदावर आहे तेवढंच बोलते. पत्र पाठवणाऱ्यांची नावं मुद्दाम काढून टाकलीत.

ताई, आमच्या गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं आणि मी थेट जनतेतनं निवडून आले. दहावी झालेय. प्रचार मिस्टरांनी केला, खर्चही त्यांचाच. आता ऑफिसात मेन खुर्चीत ते बसतात, मी बाजूला, कधी कधी तर बोलवतच नाहीत, फाईल घरी येते आणि मी चुलीपाशी बसून सह्या करते. परवा कळलं की एका गटारीच्या कामाचं पेमेंट गेलंसुद्धा. मी म्हणलं माझ्या सहीशिवाय कसं गेलं, तर ऑपरेटर म्हणतो वहिनी तुमचा डोंगल तर इथंच असतो की ड्रॉवरमध्ये. नवरा माणूस म्हणून वाईट नाही, भांडण मला नकोच आहे. पण मला खरंच काम करायचंय. — एक सरपंच, मंगळवेढा तालुका

अगं, सगळ्यात आधी तो डोंगल घरी आण. बाकीचं नंतर बोलू.

लोकांना अजून वाटतं सरपंचाची सही म्हणजे कागदावरची. आता वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरनं जातो आणि तिथं ग्रामसेवकाची एक आणि सरपंचाची एक अशा दोन डिजिटल सह्या पडल्याशिवाय रुपया हलत नाही, म्हणजे तो डोंगल, ती पेनड्राइव्हसारखी काडी आणि तिचा पासवर्ड ज्याच्याकडे तोच गावचा सरपंच, निवडून कोणीही येऊ दे. आणि उद्या ऑडिटला आक्षेप निघाला, वसुली लागली, तर नोटीस कोणाच्या नावावर येणार? ऑपरेटरच्या नाही, मिस्टरांच्या पण नाही. तुझ्या. हे मिस्टरांना याच शब्दांत सांग, बघ किती लवकर पटतं ते. बायकोला जप्तीची नोटीस आलेली कुठल्याच नवऱ्याला आवडत नाही.

जाताना सकाळी जा, गर्दी व्हायच्या आत, आणि आवाज चढवायचा नाही. "माझा डोंगल द्या, पेमेंट असेल तेव्हा मी घेऊन येईन," बास. कारण देत बसायचं नाही, आपली वस्तू मागताना कारण द्यावं लागत नाही. पासवर्ड त्याच दिवशी बदलून घे आणि तिथं मोबाईल नंबर कोणाचा टाकलाय तेही बघ, बऱ्याच ठिकाणी तो दीराचा नाहीतर नवऱ्याचाच असतो.

मग त्या गटारीच्या कामाची फाईल माग. नुसती बघून परत द्यायची नाही, वाचायची. यात चार गोष्टी जुळल्या पाहिजेत : मासिक सभेचा ठराव आहे का आणि त्याला सूचक-अनुमोदक कोण आहेत, एस्टिमेट किती रुपयांचं, इंजिनिअरच्या मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे त्या एमबीत, लांबी किती लिहिलीय, आणि रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, पैसे कोणाच्या नावावर किती तारखेला पडलेत. एवढं एका कागदावर उतरवून घे आणि टेप घेऊन थेट गटारीवर जा. सोबत गटातल्या दोघी ने. एका टोकाला तू, एका टोकाला त्यातली एक, आणि मोज. एमबीतला आकडा आणि टेपचा आकडा एकच निघाला तर चांगलंच आहे, नाही निघाला तरी तिथं उभं राहून तमाशा करू नको, पुढच्या मासिक सभेत विषय म्हणून घे आणि इतिवृत्तात नोंद होईल असं बघ. पण एक सांगते, आकडा कसाही निघू दे, सरपंचबाई भर उन्हात टेप घेऊन गटार मोजत होत्या ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते आणि त्यानंतर तुझ्याकडे फाईल येताना जरा नीट होऊन येते. दहावी यासाठी पुष्कळ झाली.

आता मिस्टरांचं. त्यांना हाकलायचं नाही म्हणतेस, ठीक आहे, निवडणुकीला राबलेत बिचारे. त्यांना काम दे. पंचायत समितीला चकरा, महावितरणकडं पाठपुरावा, बोअरची मोटर जळली की माणूस शोधणं, असल्या कामाला घरचं माणूस लागतंच. पण मासिक सभेत त्यांना बसायचा अधिकार नाही, तिथं फक्त सदस्य. ग्रामसभेत मतदार म्हणून बसतील, सगळ्यांसारखे समोर सतरंजीवर. खुर्चीचं तुला जमत नसेल तर एक साधी गोष्ट कर, त्यांच्या आधी ऑफिसात पोच आणि बसून घे. बसलेल्या बाईला सगळ्यांसमोर ऊठ म्हणायला माणसाला फार धीर लागतो.

आणि महिला ग्रामसभा. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असं आपल्या कायद्यातच आहे, पण गावोगाव ती कागदावरच होते, रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतात. तू खरी घे. दुपारी घे, शाळेत किंवा देवळात घे, आणि पहिलाच विषय घे की ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात ते मागच्या वर्षी कशावर केले. बऱ्याच गावात उत्तर येतं, अंगणवाडीला खुर्च्या घेतल्या. किती घेतल्या, कुठायत, दाखवा म्हण. तिथं ज्या चार बायका बोलतील ना त्या तुझी खरी बॉडी, निवडून आलेली बॉडी राहू दे बाजूला.

तुला वाटत असेल हे सगळं आत्ता आरक्षणामुळं चाललंय, १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, २०११ पासून आपल्याकडं निम्म्या जागा बायकांना, म्हणून आपण आलो. खरंय ते. पण त्याच्याही आधी, १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं, त्यातनं हवा अशी तयार झाली की १९८९ ला जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये आख्खी ग्रामपंचायत बायकांची निवडून आली, आणि पुढं शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत त्याच गावच्या पुरुषांनी बायकांच्या नावावर जमिनी करून दिल्या. त्या बायका काय पुण्याच्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेतनं ट्रेनिंग घेऊन आल्या नव्हत्या. तुला मात्र ट्रेनिंग मिळतं, ते सोडू नको, आणि तिथं जाताना मिस्टरांना सोबत नेऊ नको. हॉलच्या बाहेर बोलेरो लावून बसलेले सरपंचपती मी फार बघितलेत.

प्रभागसंघाच्या अध्यक्षपदासाठी सगळ्यांनी माझं नाव सुचवलंय. मी सातवी. सचिव ग्रॅज्युएट आहे, लेखापाल बीकॉम. मला भीती वाटते की लाखांचे आकडे आले की मी गडबडेन आणि हसं होईल. नाही म्हणू का? — बार्शी

नाही कशाला म्हणता? हिशोब लिहायला लेखापाल आहे. अध्यक्षाचं काम हिशोब विचारायचं.

माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी गावातल्या बायकांना घेऊन बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला, कारण अर्जावर बऱ्याच जणींचे अंगठे होते. त्या बायका लिहाय-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणल्या, कुठलीही मुद्दल सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवतो, तुमच्या लोकांना पण काढायला सांगा. १९९७ ला माणदेशी महिला बँक सुरू झाली. तुम्ही इतकी वर्षं गटात शेकडा २ रुपयांनी व्याज तोंडी सांगताय ना? १५ हजारांचं महिन्याचं व्याज किती, हे वाचता वाचताच काढलं असेल तुम्ही. लाखाला दोन शून्यं जास्त, गणित तेच.

एक मात्र करा, पहिले तीन महिने कुठल्याही कागदावर "वाचून दाखवा" म्हणल्याशिवाय सही नाही. ग्रॅज्युएट सचिव वैतागेल. वैतागू दे. फिरता निधी किती गटांना गेला, समुदाय गुंतवणूक निधीतली परतफेड कुठल्या ग्रामसंघाची थकलीय, हे दोन आकडे दर मीटिंगला उभं राहून विचारायचे. उत्तर नाही आलं तर पुढच्या मीटिंगला पहिला विषय तोच.

ताई मी हिंजवडीत एका कंपनीत टीम लीड होते. बाळंतपणाची रजा संपवून परत आले तर माझी टीम माझ्याच ज्युनियर मुलाला दिलेली. मॅनेजर म्हणतो बाळ लहान आहे ना, तुझ्या भल्यासाठीच लाइट काम दिलंय. पगार तोच आहे. पण पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे आणि दाखवायला माझ्याकडं कामच नाही. घरी म्हणतात पगार चालूय ना, गप बस. — पुणे

आयटीतलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळं माझी पुतणी त्याच भागात नोकरीला आहे तिच्याशी बोलून लिहितेय. पण ते "तुझ्या भल्यासाठी" ओळखीचं आहे हो. आम्हाला पण म्हणायचे, कशाला उन्हातान्हात साईटवर येताय ताई, आम्ही आहोत ना.

कायद्याचं आधी सांगते म्हणजे पाया पक्का राहील. २०१७ पासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे, आणि ती रजा उपकार नाही, हक्क आहे. रजेवर असताना बाईच्या तोट्याचे सेवाशर्तीत बदल करायचे नाहीत हे तर १९६१ च्या कायद्यापासूनच चालत आलंय. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय पाहिजे आणि आईला दिवसात चार वेळा बाळाकडं जाता आलं पाहिजे. आता टीम काढून घेणं म्हणजे सेवाशर्त बदलणं का, यावर कंपनीचे वकील वाद घालू शकतात, म्हणून पहिल्याच मेलमध्ये कलमं लिहू नकोस, ती पाठीशी ठेव.

पहिला मेल साधा. रजेच्या आधी माझ्याकडं हे हे होतं, आता हे आहे, लाइट काम मी मागितलं नव्हतं, माझा रोल काय आणि अप्रेझल कशावर होणार ते कळवा. मॅनेजरला पाठव, एचआरला कॉपीत ठेव. तो हमखास मेलवर उत्तर न देता बोलवून घेईल नाहीतर कॉल करेल, गोड बोलेल. बोलून झालं की जागेवर येऊन लगेच दुसरा मेल, "आज आपलं असं असं बोलणं झालं." पुतणी म्हणाली याच मेलला सगळे टरकतात. तोंडी सगळं गोड असतं, लिहून मागितलं की खरं काय ते बाहेर येतं, हे ग्रामपंचायतीत आणि तुमच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये सेमच दिसतंय.

आणि अप्रेझलला फक्त रजेच्या आधी जितके महिने काम केलं तितक्याच महिन्यांचं काम बघा असं स्पष्ट माग. रजेतल्या महिन्यांचा शून्य धरून सरासरी काढतात म्हणे काही लोक, हे तर अंगणवाडीतलं पोरगं पण चूक म्हणेल.

नोकरी बदलायची तर शोध आजपासून सुरू कर, त्यात भांडणाशी काही संबंध नाही, दोन्ही एकदम चालू शकतं. फक्त राजीनामा रागात द्यायचा नाही, दुसरं ऑफर लेटर हातात आल्यावर द्यायचा. घरच्यांना म्हण, गप बसले तर पुढच्या वर्षी पगार पण तोच राहील, मग चालेल का.

मीटिंगमध्ये बोलायला उभी राहिले की आवाज कापतो, डोळ्यात पाणी येतं, मग सगळे म्हणतात बसा ताई बसा. — शिक्षिका, लातूर

तीन ओळी लिहून न्या आणि वाचा. पाठ करू नका, वाचा, मोठमोठे मंत्री वाचून बोलतात. पहिल्या पाच मिनिटांतच काहीतरी बोलून टाका, भले "मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचून दाखवा" एवढंच, एकदा स्वतःचा आवाज खोलीत ऐकला की पुढं सोपं जातं. डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे, पुसायचं आणि पुढची ओळ वाचायची. बसा म्हणलं तरी तिसरी ओळ संपवूनच बसा.

आमचा गट मी स्थापनेपासून चालवतेय. वही मी लिहिते, बँकेत मी जाते, कर्ज मी आणते, थकबाकीदाराच्या दारात मी उभी राहते. कोणी जबाबदारी घेत नाही. आणि आता दोघी मागं म्हणतात हिनं पैसे खाल्ले. एवढं वाईट वाटतं ताई, सोडून द्यावंसं वाटतं. — पंढरपूर तालुका

वाईट वाटणारच, चहासुद्धा स्वतःच्या पैशाचा पिऊन बँकेत तास न् तास उभं राहिलेल्या बाईला असं बोललं की जिव्हारी लागतं. पण तुम्हाला थोडं लागेल असं बोलते, चालेल ना? कोणी जबाबदारी घेत नाही कारण तुम्ही ती सोडतच नाही. मागं एका गटात बघितलं, सचिवबाईनं वहीत एक ओळ जरा वाकडी लिहिली तर अध्यक्षबाईंनी हातातनं पेन काढून घेतला, "राहू दे मीच लिहिते". ती सचिव परत कशाला पेन धरतेय.

आरोपाचं आधी उरकून घ्या. पुढच्या मीटिंगला वही, पासबुक, कर्ज खतावणी सगळं सतरंजीच्या मधोमध ठेवायचं आणि वाचायला त्या दोघींपैकीच एकीला द्यायचं. हो, तिलाच. एकेका सभासदाचं नाव घेऊन बचत किती, कर्ज किती, बाकी किती, आणि प्रत्येकीनं आपापल्या पासबुकाशी ताडून "बरोबर" म्हणायचं. तास-दीड तास जाईल. शेवटी बँकेतली शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळली की सगळ्यांच्या सह्या. त्यानंतर बोलणाऱ्याला बोलायला जागा राहत नाही, आणि नाही जुळलं तर कुठं चुकलंय ते पण त्याच दिवशी सगळ्यांसमोर सापडतं, ते बरंच की.

मग पद सोडा. गट सोडू नका, पद सोडा. पंचसूत्री आपण सगळ्या घोकतो, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब, पण अध्यक्ष बदलायचं नाव निघालं की सगळ्या गप्प. बँकेत सह्यांची नावं बदलायला ठराव लागतो तो त्याच मीटिंगला करून टाका, नाहीतर राहून जातं. नवीन बाई पहिल्या महिन्यात दोन चुका करेल, बँकेतनं चेक परत येईल. तुम्ही बाजूला बसायचं आणि तिनं विचारलं तरच सांगायचं. अवघड आहे, जीभ चावत बसावं लागतं. पण ज्या गटात एकच बाई सगळं करते तो गट त्या बाईच्या पहिल्या मोठ्या दुखण्याला बंद पडतो, असे गट आमच्या तालुक्यातच किती दाखवू.

मी २५ वर्षांची. पुण्यात राहून एमपीएससी करतेय, दोनदा प्रिलिम निघाली, मेन्सला राहिले. वडील शेतीवर पैसे पाठवतात. आता म्हणतात लग्न कर. अजून एक अटेम्प्ट मागू का? — सदाशिव पेठ, पुणे

दोनदा प्रिलिम निघाली म्हणजे अभ्यास आहे पोरी तुझा, राज्याच्या भरतीत ३० टक्के समांतर आरक्षण पण आहे बायकांना. माग अटेम्प्ट. पण मोकळा मागू नको, तारीख घालून माग, अमक्या परीक्षेच्या निकालापर्यंत, आणि त्याच वेळी तलाठी, जिल्हा परिषद, बँक जे निघेल त्याचे फॉर्म भर, तोच अभ्यास बराचसा चालतो. छोटी पोस्ट मिळाली तर घे, हातात पगार आला की वडिलांचा सूर बदलतो, आणि पुढची परीक्षा नोकरीत राहून देता येते. रूम आणि मेसचे पैसे महिन्याला किती जातात त्याचा हिशोब वडिलांना न मागता पाठवत जा. लग्नाचं म्हणशील तर स्थळ बघायला हरकत नाही म्हण, फक्त मुलाला पहिल्याच भेटीत स्वतः सांग, बदलीची नोकरी करणार आहे. निम्मी स्थळं तिथंच गळतील, वडिलांचा प्रवासखर्च वाचेल.

मी पुरुष वाचक आहे, छापाल की नाही माहीत नाही. बायको बँकेत आहे, आता शाखाधिकारी झाली आणि बदली कोकणात. मी इथं शेती आणि दूध बघतो, मुलगी सातवीत आहे. बायको प्रमोशन नाकारायचं म्हणतेय, माझी जेवायची आबाळ होईल म्हणून. मित्र पण चिडवतात, आता तू मॅनेजरीणबाईंचा नवरा. मी काय सांगू तिला? — माढा तालुका

छापलं की! असं पत्र यायची वाटच बघत होतो आम्ही.

बदली ठरावीक वर्षांची असते, प्रमोशन नाकारलं तर पुढचा नंबर कधी लागेल ते बँकेलाच माहीत, आणि मागनं आलेली मुलं वर बसलेली बघत आयुष्यभर कुढायचं. मुलीचं काय ते तिघांनी बसून ठरवा, तिला पण विचारा, सातवीतल्या मुलीला मत असतं. दूध तुम्ही पहाटे काढता म्हणजे उठायची सवय आहे, कुकरला तीन शिट्ट्या आणि भाकरीला गावात बाई मिळते. नाहीतर शिका, भाकरी थापता येणारे पुरुष पंढरीच्या वाटेवर दिंडीत दरवर्षी बघतोच आपण. मित्रांना म्हणा, हो मॅनेजरीणबाईंचाच नवरा, तुमच्या पीककर्जाचं काही अडलं तर कोणाला फोन करणार ते ठरवून ठेवा.

बाकी तुमच्या जेवायची आबाळ होईल म्हणून ती नाही म्हणतेय, असं तुम्ही लिहिलंय. हे तिनं तोंडानं म्हणलंय, की तुम्हाला वाटतंय? आधी ते विचारून घ्या, आणि पुढच्या पत्रात तिच्या हातच्या दोन ओळी पण येऊ द्या.